चोळीबांगडीचा तुकडा

सोमनाथने वांग्याच्या पहिल्याच झाडाला हात घातला आणि अक्काबाई विळा घेऊन आडवी आली.

"खबरदार! माझ्या वाफ्यात पाय टाकलास तर भाचा म्हणायची नाय."

"आत्या, उपटायला मी कुठं म्हणतोय? हे साहेबच सांगतात."

साहेब म्हणजे दिंडोरीहून आलेला कृषी सहायक, शेखर. त्याने वांग्याचं एक पान उलटं केलं. पानाखालून पांढरे ठिपके भुर्रकन उडाले.

"पांढरी माशी आहे, आजी. शेतात टोमॅटो नसतो तेव्हा ती वांग्यावर, भेंडीवर तग धरते आणि नवी लागण झाली की तिकडे जाते. गेल्या हंगामात सोमनाथरावांचा टोमॅटो पानं आकसून बोकडला, तो तिच्यामुळेच."

अक्काबाईला खोटं म्हणता येईना. माशी तिच्या डोळ्यांदेखत उडाली होती. पण भाच्याच्या पोटात काय आहे, तेही तिला चांगलं ठाऊक होतं. नवऱ्याने टाकलेल्या लेकीला बापाने बांधालगतचा हा तुकडा चोळीबांगडीला दिला होता, तोही चार माणसांत तोंडीच. पीक उभं आहे तोवर तुकडा तिचा, पडीक पडला की भावकीचा, असा गावचा रिवाज. आणि तिचा भाऊ, म्हणजे सोमनाथचा बाप, गेल्यापासून सोमनाथला तिथूनच ट्रॅक्टरची वाट काढायची होती. आयती माशी सापडली लेकाला!

"उपटू की मग," ती म्हणाली.

सोमनाथचा चेहरा खुलला.

"पण साहेब, ही मेली कशावर राहत नाय, ते बी सांगा."

"मक्यावर ती टिकत नाही," शेखर म्हणाला. "उलट कडेने दाट मका असला तर टोमॅटोला आडोसाच होतो."

अक्काबाईने विळा बांधावर ठेवला आणि पदर खोचला. सोमनाथ पुढे सरसावला.

"बाजूला हो. लावली मी, उपटीन बी मीच."

फुलावर आलेलं झाड मुळासकट हातात आलं तेव्हा तिला भडभडून आलं. तरी ती थांबली नाही. सगळी झाडं पोत्यात कोंबून तिने पोत्याचं तोंड बांधलं, तरातरा घरी गेली आणि ओटीत मक्याचे दाणे घेऊन परतली. वाफा ओलाच होता. ती खुरप्याने माती उकरू लागली.

"आत्या, आजच? जरा आठ दिस मोकळी राहू दे की जमीन."

"का रं? तुझ्या टोमॅटोला आडोसा नको व्हय?"

"आजच लावलेला बरा," शेखर भाबडेपणाने म्हणाला. "टोमॅटोच्या आधी मका वर यायला हवा."

सोमनाथने पायाने एक ढेकूळ फोडलं, मग दुसरं.

"आन ट्रॅक्टर कुठून नेऊ मी?" शेवटी त्याच्या तोंडून निसटलंच.

अक्काबाईने मान वर केली नाही.

"तुझा बाप जिथून बैल न्यायचा, तिथूनच ने," ती म्हणाली आणि पुढचा दाणा मातीत दाबला.