तिसऱ्या बटणापाशी सावली

पांढरं, चार भोकांचं बटण, कडेला टवका उडालेलं, नकाशाच्या मधोमध पडलं होतं आणि त्याच्या चारी बाजूंना काहीच नव्हतं. रेघ नाही, अक्षर नाही, नुसता पिवळा कागद. बाकीच्या बटणांना शेजार तरी होता... कुठे पेट्रोलपंपाचं चित्र, कुठे गावाचा ठिपका. हे एकटंच वाट चुकल्यासारखं. आणि ते आजीने स्वतःच्या हाताने ठेवलं होतं. परवा, सगळ्यांसमोर, ठासून.

सून ट्रकच्या कंपनीत फेऱ्या आखायची. कोणत्या ड्रायव्हरने कुठे थांबायचं, किती वेळ, हे ठरवायचा तिला पगार मिळायचा. तीच शिस्त आता सहा महिन्यांच्या छकुलीला. पोरीला गाडीतल्या खुर्चीत दोन तासांच्या वर बांधून ठेवू नका असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं, म्हणून उद्याच्या प्रवासात वाळवंटाच्या रस्त्यावर दर दोन तासांनी एक बटण. तिथे दूध, तिथे लंगोट, आणि थांबायचंच तर बघण्यासारखं काहीतरी हवं—वाळूच्या टेकड्या, मिठाचं कोरडं तळं. बघणार कोण, तिला अजून स्वतःचा अंगठा धड सापडत नाही, असं आजी म्हणाली तेव्हा सूनसुद्धा हसली होती. पण दुसऱ्या आणि चौथ्या बटणाच्या मध्ये चार तासांचं भगदाड पडलं होतं, तेही ऐन दुपारचं. तेव्हा मुलगाच म्हणाला, आईच्या गोष्टीतला कमानीचा खडक आहे की तिथे कुठेतरी. थंडगार सावली, शेजारी हातपंप, मी पहिल्यांदा हसलो तो तिथेच.

सुनेने नकाशा पुढे सरकवला होता. "नेमका कुठे ते दाखवता का, आई?"

मला नकाशा कळत नाही. एवढे चार शब्द. सगळ्या भावकीला सरळ करणारी जीभ, पण ती ऐन वेळी टाळ्याला चिकटली. दुसरीत शाळा सुटली हे सुनेला ठाऊक नव्हतं असं नाही, पण ठाऊक असणं वेगळं आणि आपण तोंडाने सांगणं वेगळं. मोकळी जागा दिसली तिथे बटण ठेवून ती मोकळी झाली होती.

उद्या आठला निघायचं. मुलगा-सून टायर बदलायला गेलेली, छकुली दिवाणावर झोपलेली, पंख्याच्या वाऱ्याने नकाशाचा कोपरा उठत होता, बसत होता. खडक होता. होता ना? तांबूस, दाराच्या चौकटीसारखी कमान... पण धाकट्या जावेला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा कमान होती का? तेव्हा नुसता खडक होता. हातपंप तर पुढे कधीतरी आला—पाणी कुठून आणलंस म्हणून कोणीतरी फाटे फोडले, तेव्हा मी म्हटलं, होता हातपंप, आणि मग तो होताच. एकेका वर्षाने एकेक वस्तू आणून ठेवावी, तशी ती जागा भरत गेली होती. मग आधी काय होतं तिथे?

सावली होती. एवढं खरं. काळी सावली, आणि तिला तेलाचा वास. खडकाला तेलाचा वास कसा येईल... वर लोखंड होतं, मान वाकवून बसावं लागत होतं, कोपराला टायर चटका देत होता. हे बाहेरून ओरडत होते, पाणी शिंपड, पाणी शिंपड त्याच्यावर. सकाळपासून रडून रडून ट्रक डोक्यावर घेतलेलं पोर एकाएकी गप्प झालं होतं. ओठ पांढरे. आणि मग त्या ओठांचा एक कोपरा हलला—हसला, असं कोणीतरी म्हणालं. मी म्हणाले? की हे?

गाडी लागल्याचा आवाज आला. इतक्या वर्षांत रस्ता बदलला असेल, खडक कोसळला असेल. दोन सबबी तिने जिभेवर तयार ठेवल्या, झाकली मूठ झाकलेलीच बरी. सून आत आली, तिने छकुलीला उचललं, आणि पंख्याखाली, सावलीत झोपूनही घामाने ओली झालेली पोरीची मान ती बोटांनी पुसू लागली.

"तिथे काही नाही," आजी म्हणाली.

"कुठे?"

"खडक नाही, पंप नाही. आम्ही ट्रकखाली बसलो होतो. आणि मला नकाशा वाचता येत नाही."

आता सून काहीतरी बोलेल, एखादा टोमणा, निदान एक उसासा. मग आपणही दोन शब्द सुनावू. सून म्हणाली, बरं झालं आत्ताच सांगितलंत, मग पहाटे चारला निघू, ऊन चढायच्या आत तेवढा पट्टा मागे टाकू, मध्ये कुठेही थांबता येईल, टेकड्या राहिल्या तर राहिल्या. एवढंच. इथे सगळा गड कोसळला आणि ही बया घड्याळाचं बोलते! तिला रागच आला, मग हायसं वाटलं, मग त्या हायसं वाटण्याचाही राग आला.

मुलगा मात्र दारातच थांबला होता, हाताला टायरचं काळं लागलेलं.

"मग मी हसलो कुठे?"

उत्तरं तिच्याकडे नेहमी हात जोडून उभी असायची. तिने फक्त एखादं पुढे ढकलायचं. तिने तोंड उघडलं. तो वाट बघत होता—पस्तिशी उलटलेला बाप्या, कानाशी केस पांढरे होऊ लागलेला—आणि ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली, जणू नीट बघितलं तर तिथेच कळेल. हसला होता. हसला नसता तर मी आयुष्यभर कशाला... की त्या वेळी हसला म्हटल्याशिवाय त्याला घेऊन पुन्हा ट्रकमध्ये चढताच आलं नसतं? हे असते तर विचारलं असतं. पण त्यांनीही पुढे तेच सांगितलं सगळ्यांना, आणि त्यांना ते मी सांगितलं होतं, की त्यांनी मला...