किल्लीवरचे ब्रेक

मित्रांनो, मी अनसिंगची एक जुनी ट्रॉली आहे. दोनच चाकांची, जीपच्या मागे जोडायची. गावात मला आता 'ब्रेक फेल झालेली' म्हणून ओळखतात. ते खोटे आहे. खरे काय ते ऐका.

वाशिमच्या एका वेल्डिंगच्या दुकानात माझा सांगाडा तयार झाला. मंडप-बिछायतीचे काम करणाऱ्या देवमनने मला लाल रंग दिला. लग्न असो की विहारातला कार्यक्रम, बांबू, सतरंज्या आणि लोखंडी पातेली घेऊन मी सगळ्यांच्या आधी पोहोचत असे. "मंडप आला!" म्हणून पोरे मागे धावत, तेव्हा मला माझाच हेवा वाटे.

देवमनची बायको केशरबाई माझ्यातच बसायची. पातेल्यांना पोचे पडू नयेत म्हणून मध्ये सतरंज्या कोंबून ती त्यांना धरून ठेवायची.

उतारावर मात्र मी जीपला मागून ढकलत असे. माझा इलाज नव्हता, मला ब्रेकच नव्हते. एकदा जऊळक्याकडून येताना मी रस्त्यातच आडवी फिरले. केशरबाई खाली उतरली ती चढेनाच.

"इले ब्रेक लावा. नाई तं मी तुमच्या मांडीवर बसतो, मंग चालवा जीप!"

देवमन हसला, पण ऐकले. धम्मपाल मिस्त्रीने माझ्या चाकांत ड्रम आणि चुंबक बसवले. जीपचा ब्रेक दाबला की तारेतून वीज यायची, चुंबक ड्रमला धरायचे आणि माझी चाके आवळली जायची. उभ्या गाडीची बॅटरी उतरू नये म्हणून त्याने तार किल्लीवरून घेतली.

"काका, उतारावर किल्ली बंद करायची सवय सोडा. किल्ली बंद, तं इचे ब्रेक मेले."

"आता ब्रेक हायेत नं? मंग तू कायले भिऊन राह्यला?"

पुढच्या फेरीला मी उतारावर स्वतःला रोखले. केशरबाईने माझी फळी थोपटली. "आता शहानी झाली माही ट्रॉली," ती म्हणाली. तेवढेच कौतुक माझ्या वाट्याला आले.

ब्रेक आले म्हणून देवमन माझ्यावर दुप्पट सामान लादू लागला. डिझेल वाचवायची जुनी खोड मात्र गेली नाही. त्या दुपारी उतार लागताच त्याने गाडी न्यूट्रल केली आणि किल्ली फिरवली. इंजिन थांबले. माझ्या तारेतला जीव गेला. खाली रस्त्यावर बकऱ्या आल्या. देवमनने पाय दाबला, पण बंद जीपचा ब्रेक दगडासारखा कडक झाला होता. थांबायला मी तयार होते, मित्रांनो. मला वीजच मिळाली नाही.

"किल्ली लावा हो! किल्ली!" केशरबाई ओरडली.

मी नालीत उलटले. पातेली तिच्या पायांवर पडली.

ती वाचली, पण तिला आता उभे राहता येत नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला देवमन सांगे, "काय करता, बिजलीचे ब्रेक. फेल झाले."

"त्या मिस्त्र्यानंच घात केला," शेजारची कमलीबाई म्हणाली. धम्मपालकडे गाड्या येईनाशा झाल्या.

एक दिवस सगळ्यांसमोर केशरबाई खाटेवरून बोलली, "ब्रेक फेल नाई झाले. तुमी बंद केले."

देवमन उठला. पाना घेऊन बाहेर आला आणि माझे चुंबक, तारा, सगळे काढून भंगारात टाकले. आता त्याला खोटे पाडणारे काही उरले नाही.

मित्रांनो, यंत्राला शिव्या देण्याआधी ते कोणी कसे चालवले, तेही विचारा. नुसती वस्तू विकत घेऊन कोणी सुखरूप राहत नाही, सवयही सोडावी लागते.

आज देवमनने मला पुन्हा जीपला जोडले. पातेली धरायला या वेळी मजुरीवर आलेली मनकर्णाबाई बसली आहे.

"ब्रेक हायेत नं हो इले?" तिने विचारले.

"बस नं बाई, बस," देवमन म्हणाला.

आता उतार लागला आहे, आणि इंजिनाचा आवाज थांबला आहे.