दोन चिमटी मीठ

बर्था बॅप्टिस्ट आणि मानसी बांदिवडेकर यांची जोडी जमवली ती हजेरीपटाने. आडनावं शेजारी, म्हणून प्रयोगशाळेतलं टेबल एक. पार्ल्याच्या त्या कॉलेजात पहिल्या वर्षाला नशीब असंच वाटून मिळतं. बर्था मरोळच्या गावठाणातली, बोलायला कमी, हाताने सावकाश. मानसी जोगेश्वरीची, तिचं तोंड आधी पोचायचं आणि मागून ती. तरी दोघींचं मेतकूट जमलं होतं.

बर्थाला त्या वर्षी एक मान मिळाला होता. रसायनाच्या चेतना मॅडम कुणाला पटकन जवळ करणाऱ्यातल्या नव्हत्या, पण त्यांनी तिला संध्याकाळी मदतीला ठेवलं होतं आणि स्टोअरची किल्ली दिली होती. बर्था ती किल्ली गळ्यातल्या क्रुसाबरोबर त्याच साखळीत अडकवायची. तिला मॅडमसारखंच व्हायचं होतं. हे तिने फक्त मानसीला सांगितलं होतं.

त्या दिवशी मिश्रण वेगळं करायचं होतं. वाळू, मीठ आणि नवसागर. तापवलं की नवसागर उडून वरच्या उलट्या फनेलला चिकटतो. उरलेल्यात पाणी घालून गाळलं की वाळू कागदावर राहते, आणि खाली आलेलं पाणी आटवलं की मीठ डिशमध्ये परत येतं. मग वजन करून टक्के काढायचे. ऐकायला सोपं, पण ज्योत मोठी झाली की मीठ तडतडून बाहेर उडतं, आणि मानसीला ज्योत मोठी करायची भारी हौस. बर्थाने तिला बाजूला सारलं आणि दुधाजवळ उभं राहावं तशी ती डिशजवळ उभी राहिली. वजन केलं. मीठ तीस टक्के निघालं. तिने जर्नलमध्ये तीस लिहिलं.

इथेच मानसीने तिचा हात धरला. कारण दरवर्षी मीठ चाळीस टक्के असतं, हे वरच्या वर्गाने खालच्या वर्गाला सांगायचं, अशी त्या कॉलेजची परंपराच होती. मग उत्तरापासून उलटा हिशेब करून मुलं जर्नल भरायची. याला रीडिंग कूक करणं म्हणत, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

"बर्था, सगळ्यांचं चाळीस येतंय यार. आपली वाट लागणार."

"आपलं तीस आलंय ना? मग तीस."

एवढं बोलून बर्था वाळत ठेवलेला वाळूचा कागद आणायला पलीकडच्या खोलीतल्या ओव्हनकडे गेली. मानसीने इकडेतिकडे पाहिलं. रॅकवर मिठाची बाटली होती. एक चिमूट टाकली, वजन केलं. अजून एक टाकली. चाळीस. बर्था आली की, 'एकदा परत वजन कर गं' म्हणायचं, म्हणजे ती आपल्या हाताने आकडा बदलेल. आपण मैत्रिणीचं भलंच करतोय, याबद्दल मानसीच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. चांगल्या मनाने केलेल्या गाढवपणाला तोड नसते, ती अशी.

पण बर्थाच्या पाठोपाठच मॅडम आत आल्या.

"जर्नल उघडी ठेवा. डिशना हात लावू नका. यंदा मी प्रमाण बदललंय. मीठ तीस टक्के आहे, आणि प्रत्येक डिशचं वजन मी करणार."

मॅडम एकेक टेबल घेत गेल्या. सगळीकडे एकच तऱ्हा. डिशमध्ये तिसाच्या आसपास, जर्नलमध्ये चाळीस. सगळ्यांना यथेच्छ बोलणी बसली आणि प्रयोग पुन्हा करायची शिक्षा झाली. मग त्या या टेबलाशी आल्या. जर्नलमध्ये तीस, डिशमध्ये चाळीस. मॅडमनी पुन्हा वजन केलं.

"बर्था, डिशमध्ये चाळीस असताना तीस कुठून आलं?"

"माझं तीसच आलं होतं, मॅडम."

"खरं प्रमाण एकाच ठिकाणी लिहिलंय. स्टोअरमधल्या बरणीवर."

बर्थाने डिशमध्ये पाहिलं. मग मानसीकडे पाहिलं. नुसतं पाहिलं आणि थांबली. सगळा वर्ग बघत होता, आणि मानसी टेबलाच्या कडेला बघत होती.

"किल्ली दे," मॅडम म्हणाल्या. साखळीचा आकडा सोडवायला बर्थाला वेळ लागला.

कॉलेज सुटल्यावर मानसीने तिला फाटकाशी गाठलं.

"ते मीठ मी टाकलं."

"माहितेय. आटवलेलं मीठ डिशला धरून बसतं. तुझं वर मोकळं पडलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील असं वाटलं गं," बर्था म्हणाली. "मॅडम दुसऱ्यांदा वजन करत होत्या ना, तोवर वाटत होतं."

दुसऱ्या दिवशी मानसीने मॅडमच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. रडली, बोलणी खाल्ली. मॅडमनी बर्थाला बोलावून किल्ली परत दिली आणि झालं ते चुकलं असंही म्हणाल्या. बर्था मानसीवर रागावली नाही. डब्यातला बोंबीलही पुढे केला. मानसीला वाटलं, सुटले.

पुढच्या प्रयोगाला टेबल तेच, जोडी तीच. पाणी आटत आलं आणि बर्थाला कागद आणायला ओव्हनकडे जायचं होतं. "जा तू, मी बघते," मानसी म्हणाली.

बर्था हसली, अगदी नेहमीसारखी. मग तिने बर्नर बंद केला, चिमट्याने गरम डिश उचलली आणि ती सांभाळत, सावकाश पावलं टाकत, पलीकडच्या खोलीत घेऊन गेली. मानसी बर्नरवरच्या रिकाम्या तिवईसमोर उभी राहिली.