कंपनीची कोरडी तोटी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी तोटी आहे. जुनी म्हणजे वयाने. वापराने म्हणाल, तर मी अजून कोरी आहे.

सन १९४८ मध्ये ठाण्याच्या एका ओतशाळेत माझा जन्म झाला. कारागिरांनी मला घासूनपुसून चकचकीत केले आणि हिच्यातून गाव पाणी पिईल, असा आशीर्वाद दिला. बिचाऱ्यांना कंपनीची माहिती नव्हती.

सुजल पाणीपुरवठा कंपनीने मला डोंबिवलीत एका चाळीसमोर, विहिरीपासून वीस पावलांवर, खांबाला बसवले. हार घातला, नारळ फोडला. नारळाचे पाणी माझ्या अंगावरून ओघळले. पुढच्या पाच वर्षांत माझा पाण्याशी आलेला संबंध तेवढाच.

माझ्या पोटात कोळ्याने जाळे विणले. बायका माझ्यावर ओली फडकी वाळत घालत. पान खाणारे माझ्या खांबावर थुंकत. त्यांचा मला राग नव्हता. निदान ते काहीतरी ओले देत होते. किळस यायची ती मॅनेजर हरिहररावांची. ते महिन्यातून एकदा यायचे, दोन बोटांनी माझा कान पिळायचे आणि वहीत लिहायचे, 'तोटी चालू आहे.' कंपनीत 'चालू' म्हणजे फिरते. पाण्याशी त्या शब्दाचे काही देणेघेणे नव्हते.

चाळीतल्या हौसाबाईंनी तक्रार केली. हरिहरराव म्हणाले, नळी कल्याणच्या कचेरीकडे. कल्याणची कचेरी म्हणाली, पाणी पंपाच्या खात्याकडे. पंपाचे खाते दर मंगळवारी हरिहररावच सांभाळत. त्यांनी स्वतःला एक कडक पत्र लिहिले आणि स्वतःच उत्तर दिले की, संबंधित अधिकारी रजेवर आहेत.

इथवर मी सोसले. पण १९५३ साली कंपनीने ठाण्याच्या आरोग्यसाहेबांकडे अर्ज केला. तोटी चालू असताना उघड्या विहिरीची घाण कशाला? ती बुजवावी. विहीर गेली की सारी चाळ हात जोडून कंपनीच्या दारात येणार, असा बेत. साहेबांनी कळवले की मी स्वतः येऊन पाहतो. नळाला पाणी असेल तर विहीर बंद.

हौसाबाईंचे जेवणावरचे लक्ष उडाले. दुसरी विहीर रेल्वेच्या रुळांपलीकडे. त्यांचा डावा गुडघा वाकत नसे आणि घरात सासू अंथरुणाला खिळलेली. रोज चार हंडे घेऊन रूळ कोण ओलांडणार?

पाहणीच्या दिवशी पहाटे, नीट उजाडायच्या आत, कंपनीच्या दोन माणसांनी विहिरीतून पाणी उपसले आणि खांबामागच्या उंच कट्ट्यावर गोणपाटाखाली लपवलेल्या लोखंडी पिंपात ओतले. पिंपाची नळी मला जोडली. हौसाबाई धुण्याभांड्यांच्या पाण्यासाठी कळशी घेऊन आल्या, तेव्हा विहीर साफ करतोय, असे त्यांना सांगण्यात आले.

दहाला साहेब आले. हरिहररावांनी माझा कान पिळला. मित्रांनो, सांगायला लाज वाटते, पण पाणी आले तेव्हा मला आनंद झाला. लबाडी माझ्या अंगातून वाहत होती आणि मी खळखळत होते.

साहेबांनी काचेचा पेला भरून उजेडात धरला. पाणी गुलाबी होते.

"हे काय?"

"गुलाबपाणी, साहेब," हरिहरराव म्हणाले. "खास आपल्यासाठी."

हौसाबाई लंगडत विहिरीवर गेल्या, कळशी ओढली आणि साहेबांच्या पायाशी आणून ठेवली. तिच्यातले पाणीही तसेच गुलाबी.

"मग आमची बाव पण गुलाबपाणीच देते म्हणायची," त्या म्हणाल्या. "साहेब, काल तिन्हीसांजेला तुमचाच शिपाई पटकीचं लाल औषध टाकून गेलाय हिच्यात. उद्याचा दिवस पिऊ नका म्हणालेला. कंपनीला सांगायचं राहिलं बहुतेक."

साहेबांनी पेला हरिहररावांपुढे धरला. "घ्या, प्या."

हरिहरराव म्हणाले, पिण्याचे खाते कल्याणला आहे.

साहेबांनी विहीर बुजवण्याचा अर्ज तिथेच फाडला आणि कंपनीला जाब विचारला. हौसाबाई विहिरीच्या काठावर टेकल्या आणि गुडघा चोळत बराच वेळ बसून राहिल्या.

कंपनीने रीतसर चौकशी केली. सात संचालक जमले, चहा दोनदा झाला, आणि निष्कर्ष निघाला की सर्व दोष तोटीचा आहे. मला पान्याने उचकटून कल्याणच्या कचेरीमागे भंगारात फेकण्यात आले. हरिहररावांना पंपाबरोबर नळ्यांचेही खाते मिळाले. या भंगारात मी एकटी नाही. इथे अकरा तोट्या आहेत आणि सगळ्या दोषी आहेत.

मित्रांनो, पाणी आले नाही की लोक तोटीला दगडाने ठोकतात. कृपा करून ठोकू नका, आम्हाला पोचे पडतात. तोटीमागे नळी असते, नळीमागे टाकी असते आणि टाकीमागे खुर्ची असते. त्या खुर्चीत कोणीतरी बसलेले असते. तिथपर्यंत चालत जा. रिकामा हंडा त्याच्या टेबलावर ठेवा, कागदांच्या वरच ठेवा, आणि तो भरेपर्यंत तिथून हलू नका.