सगळ्या चेहऱ्यांवर एकच डोळा

मुलांनो, मनातल्या मनात माझ्याबरोबर चला. तुम्ही बाजारात उभे आहात. भर दुपार आहे, लख्ख ऊन आहे, घाबरण्यासारखं काहीही नाही. कापडाच्या दुकानातल्या बाई कापड मोजता मोजता मान वर करून तुमच्याकडे बघतात. त्यांचा डावा डोळा चारचौघांसारखाच आहे. उजव्यातून मात्र दुसरंच कुणीतरी तुमच्याकडे बघतंय असं वाटतं. फिकट तपकिरी बुबुळ, आणि बाहुलीच्या खाली खसखशीच्या दाण्याएवढा काळा ठिपका. तुम्ही पाय उचलता. पुढे किल्ल्या बनवणारा माणूस हसतो, पण त्याचा एक डोळा हसत नाही. फिकट तपकिरी, खाली ठिपका. रस्ता ओलांडताना बसच्या खिडकीत एक म्हातारे गृहस्थ दिसतात. त्यांच्याही चेहऱ्यावर तोच डोळा!

अशा गावात बिट्टी नावाची मुलगी राहत होती. ती तिसरीत होती आणि भलती बडबडी होती. तान्ही असताना आजारपणात तिचा एक डोळा गेला होता. पण तिच्या बाबांचा कारखानाच कृत्रिम डोळ्यांचा. त्यामुळे ती वाढली, खोबण मोठी झाली, की नवा डोळा घरच्या घरी मिळायचा. तो इतका हुबेहूब असायचा, की वर्गातल्या मुली पैजा लावायच्या, "सांग पाहू, खरा कुठला?"

ही किमया चितारी आजोबांची. कारखान्यात साचेवाले काका डोळ्याचा पांढरा भाग घडवायचे, पॉलिशवाली मावशी तो गुळगुळीत करायची, आणि खिडकीपाशी बसून चितारी आजोबा बुबुळ रंगवायचे. समोर गिऱ्हाईक बसवायचं, त्याच्या चांगल्या डोळ्यात बघायचं आणि बारीक कुंचल्याने रंगावर रंग चढवायचा.

पण त्या कारखान्यात एक रीत होती. ज्याचं काम त्यालाच ठाऊक. आजोबांनी कितीदा म्हटलं, "मालक, मावशीचा हात हलका आहे, तिला माझ्याजवळ बसवा." बाबा म्हणायचे, "आणि पॉलिश कोण करणार? शिवाय शिकवलं की माणसं उडून जातात. एकाला शिकवलं होतं, गेला ना दूरच्या शहरातल्या कारखान्यात?"

एके दिवशी आजोबा वारले. त्यांच्या मेजावर एक रंगवलेलं बुबुळ तेवढं उरलं होतं.

बाबांनी ते उचलून मावशीपुढे ठेवलं. "ह्याच्याबरहुकूम काढत जा. लोकांचे डोळे तपकिरीच असतात."

"पण मालक, मला गिऱ्हाइकाकडे बघून काढता येत नाही."

"बघू नकोस ना. ह्याच्याकडे बघ."

मावशीने तसंच केलं. ठिपक्यासकट!

वर्षभर हे चाललं. गिऱ्हाइकं कुरकुरत, पण जवळपास दुसरा कारखाना नव्हता. मग बिट्टीचा जुना डोळा घट्ट व्हायला लागला. बाबांनी तिलाही नवा बसवला आणि आरसा हातात दिला.

बिट्टीने आरशात पाहिलं. ती उजवीकडे सरकली, डावीकडे सरकली. मग तिने आरसा पालथा घातला.

"बाबा, ह्यात मी अर्धीच आहे."

"म्हणजे?"

"अर्धी मी आहे. दुसरं कुणीतरी आत बसून बघतंय. मी हसले ना, तर ते हसत नाही."

"खुळी कुठली! सवय होईल."

सवय झाली नाही. बिट्टी तळहाताने अर्धा चेहरा झाकून फिरू लागली. शाळेत जायचं म्हटलं की ती दप्तर लपवून ठेवायची. तिची बडबड तर पार बंद झाली, आणि घर इतकं शांत झालं, की नळाचं टपटपणंही मोठ्याने ऐकू यायचं.

तेव्हा तिची आत्या राहायला आली. आत्या लिफ्टदुरुस्तीची कंपनी चालवायची, आवाज खणखणीत, आणि भावाला अजून 'बंड्या' म्हणायची. तिने एका बाजूने बाबांना आणि दुसऱ्या बाजूने बिट्टीला धरलं आणि बाजारात नेलं. "पोरीला जरा वारा तरी लागू दे!"

बाजाराच्या कोपऱ्यावर समोरून एक म्हातारी आली आणि बिट्टीपुढे थबकली. चितारी आजोबांची बायको होती ती. तिच्या हातातली पिशवी खाली पडली. तिने पदर सावरला, आणि त्या तिसरीतल्या मुलीला ती हळू आवाजात म्हणाली,

"अहो... तुम्ही इथेही?"

बिट्टीच्या अंगावर सर्रकन काटा आला. बाबा मध्ये सरसावले. "आजी, ही माझी मुलगी आहे."

"ठाऊक आहे मला," म्हातारी म्हणाली. तिची नजर मात्र त्या डोळ्यावरून हलेना. "जायच्या आधी आरसा समोर ठेवून स्वतःचा डोळा काढत होते. गिऱ्हाईक नव्हतं ना. हा ठिपका त्यांचाच. आता कापड घ्यायला जाते, तर तिथे हे. बसमध्ये चढते, तर तिथे हे. कुठेही गेले तरी माझ्याकडे बघतात, पण ओळख म्हणून देत नाहीत. मालक, त्यांना आता निजू द्या हो!"

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. गेलेल्या माणसाला त्यांनी वर्षभर कामाला जुंपलं होतं, आणि आता तो त्यांच्याच लेकीच्या चेहऱ्यातून त्यांच्याकडे बघत होता!

घरी आल्यावर बाबांकडून सगळी हकिगत ऐकून आत्या म्हणाली, "बंड्या, मावशीला का नाही शिकवलंस?"

"ताई, खर्च आहे. आणि शिकून गेली तर?"

"तो पहिला का गेला, सांगू? काम शिकला, तरी पगार शिकाऊचाच ठेवलास. मी तुझ्याकडे असते, तर त्याच्याही आधी पळाले असते."

बाबा खजील होऊन हसले. "पण एवढा पैसा आणायचा कुठून?"

"नवीन यंत्रासाठी दरमहा बाजूला काढतोस ना? तसाच पगाराच्या खर्चाबरोबर थोडा वाटा शिकवणीसाठीही बाजूला काढायचा. मी तेच करते. एकट्याला जड जात असेल, तर शेजारच्या कृत्रिम दातांच्या आणि चष्म्यांच्या कारखानदारांना बरोबर घे. बारीक रंगकाम त्यांच्याही माणसांना हवंय. तिघांत मिळून एक शिक्षिका बोलवा. सरकार शिकाऊ माणसासाठी काही मदत देतं का, तेही विचार. आम्हाला मिळाली होती, पण मागितल्यावर. घरबसल्या कुणी आणून देत नाही."

"म्हणजे नवा पोरगा ठेवू?"

"ठेव, आणि पहिल्या दिवसापासून पगार दे. पण जुन्यांना विसरू नकोस! मावशी शिकेल ती कामाच्या वेळात, पगार न कापता. घरी जाऊन, स्वयंपाक उरकून तिने कधी शिकायचं? आणि शिकली की पगार वाढव. मग बघ, कोण उडून जातं ते."

दुसऱ्या दिवशी बाबा कारखान्यात गेले. आजोबांचं ते बुबुळ त्यांनी रुमालात गुंडाळलं आणि स्वतः आजींच्या घरी नेऊन दिलं. परत येऊन ते मावशीला म्हणाले, "माझं चुकलं. आजोबा सांगत होते, तेव्हाच तुला त्यांच्याजवळ बसवायला हवं होतं. आता शिकवायचं आम्ही, शिकायचं तू."

तिघा कारखानदारांनी मिळून दूरच्या शहरातून शिक्षिका बोलावली. मावशी आणि साचेवाले काका तिच्या वर्गात बसले, आणि त्यांच्या शेजारी नुकतीच कामाला लागलेली एक तरुण मुलगीही.

मुलांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी दुकान काढेल, कुणी कारखाना चालवेल. तेव्हा एवढं ध्यानात ठेवा. माणसाचा हात तयार करायला लागणारा पैसा हा उपकार नव्हे, तो कामाचाच खर्च आहे. आणि आपण मोठ्यांनीही हे आजच ध्यानात घेतलेलं बरं. तो खर्च आपण टाळला, तर त्याची झळ दुसऱ्या कुणाला तरी लागते, आणि कधी कधी ते माणूस आपल्याच घरात असतं.

पहिल्या सरावाच्या दिवशी शिक्षिका मावशीला म्हणाली, "आता नमुना नाही. जिवंत डोळ्याकडे बघून काढायचं." मावशीने कुंचला खाली ठेवला. "मला नाही जमायचं, बाई. कुणाचा डोळा बिघडवून ठेवीन."

दारात उभी असलेली बिट्टी आत आली. तिने स्टूल ओढत खिडकीपाशी आणलं, अगदी मावशीच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ. त्यावर चढून ती बसली, चेहऱ्यावरचा हात खाली घेतला आणि चांगला डोळा टक्क उघडून म्हणाली, "माझा काढ. चुकला तर पूस, आणि पुन्हा काढ. मी बसलेय."

आणि ती बसून राहिली.