गार्गी गैरहजर नव्हती

मित्रांनो, मी एक जुनं अंगठ्याचं मशीन आहे. मनीषनगरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या दारात मला बसवलं, तेव्हा प्राचार्य कृष्णकांत सरांनी नारळ फोडला होता. आता हजेरीत घोटाळा होणार नाही, असं ते म्हणाले, आणि मला ते खरं वाटलं!

घोटाळा झालाच, तोही माझ्याच हातून. बारावीची निम्मी मुलं फक्त नावापुरती इथली होती. ती दिवसभर ट्यूशनला असायची. दर शनिवारी लिपिक रुपरावजी संगणकावर बसून त्यांची आठवड्याची हजेरी माझ्यात भरायचे. मला मुकाट्याने 'हजर' म्हणावं लागायचं.

गार्गी मात्र खरोखर रोज यायची. तिची आई कामिनीबाई खानावळ चालवते. तिथे जेवायला येतात ती हीच ट्यूशनवाली मुलं. त्यांची ताटं घासून घासून गार्गीच्या बोटांवरच्या रेषाच पुसट झाल्या होत्या. तिने अंगठा ठेवला की बहुतेक वेळा माझं आपलं एकच, 'पुन्हा प्रयत्न करा'. स्वतःचाच इतका राग यायचा, की काय सांगू!

जानेवारीत तिचं हॉल तिकीट अडलं. हजेरी हवी पंच्याहत्तर टक्के, माझ्यात भरली एकतीस. परीक्षा नाही, तर तिला हवा असलेला कृषी महाविद्यालयाचा प्रवेशही नाही. पोरगी रडकुंडीला आली.

"काहून वं, कॉलेजात येत नव्हती काय?" रुपरावजींनी दरडावलं.

"रोज येऊन राहिली ना सर! मशीनच मले ओळखत नाही."

"मशीन काय खोटं बोलते काय?"

अहो, बोलतं! तुम्हीच तर बोलायला लावता! पण मला तोंड कुठलं?

तेवढ्यात भौतिकशास्त्राच्या उत्तरा मॅडम तिला थेट माझ्या समोरच्याच खोलीत, कृष्णकांत सरांकडे घेऊन आल्या. त्यांनी गार्गीच्या प्रयोगवह्या टेबलावर आपटल्या. पानोपानी तारीख आणि मॅडमची सही होती.

"सर, मशीन राहू द्या. हिचे हात बघा. आणि ज्यांची हजेरी नव्वद टक्के आहे, त्यांच्या वह्या दाखवा मला."

सरांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी मान खाली घालून हॉल तिकिटावर सही केली.

गार्गी आता कृषी महाविद्यालयात शिकते. मला अडगळीत टाकलंय, आणि माझ्या जागी चेहरा ओळखणारं नवं मशीन आलंय. त्याला जपा, पुसा, काय हवं ते करा. पण मित्रांनो, कुणी समोर उभं राहून 'मी आले आहे' म्हणत असेल, तर आधी तिच्याकडे बघा.