आठवीवरचा नमुना पाठ

रंगनाथ गेली अकरा वर्षं कोल्हारजवळच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत होता, आणि कागदोपत्री त्याला इंग्रजी शिकवायचा काडीचाही अधिकार नव्हता. इंग्रजीच्या मास्तराला इंग्रजी विषय घेऊन केलेलं बी.ए. लागतं, वर बी.एड. रंगनाथनं नोकरी सांभाळून, बाहेरून परीक्षा देऊन बी.ए. केलं खरं, पण मराठी घेऊन. "डिग्री ती डिग्री. विषय कोण बघत बसतंय?" असं जुने हेडमास्तर छातीठोकपणे म्हणाले होते. ते पेन्शन घेऊन मोकळे झाले. बी.एड.च्या कॉलेजनं मात्र नेमका विषयच पाहिला आणि इंग्रजीसाठी त्याला दारातूनच परत पाठवलं.

एकाहत्तरच्या जूनमध्ये तपासणीचा शेरा आला, की इंग्रजीला पात्र शिक्षक नेमा. नगरहून शामकांत नावाचा तरुण अर्ज घेऊन आला. इंग्रजी घेऊन बी.ए., बी.एड., अंगात इस्त्रीचा शर्ट. स्वभावानं इतका गरीब, की त्याच्यावर धड चिडताही येईना. संस्थेचे अध्यक्ष राधाकृष्ण पाटील म्हणाले, "आठवीवर पाठ घ्या. जमला तर तुमी. न्हाई जमला तर आमचं रंगनाथ मास्तर हायतच. सायबाला सांगून आनखी दोन वर्सं काढू." तेवढ्या मुदतीत इंग्रजी घेऊन पुन्हा परीक्षा द्यायची, असं रंगनाथनं मनाशी ठरवून टाकलं.

पाठाच्या दिवशी सकाळी त्याची बायको मुक्ताबाई भाकरी वाढता वाढता म्हणाली, "त्या नव्या मास्तराच्या पाठाला पोरास्नी गप बसाया सांगा."

"असं कसं सांगू?"

"मंग घरी बसायची तयारी ठिवा."

वर्गात जाऊन त्यानं तोंड उघडलं, पण जीभ रेटेना. "पाहुणे येतील, नीट वागा," एवढंच सांगून तो बाहेर आला आणि स्वतःवरच चरफडला.

शामकांत सगळा पाठ इंग्रजीतून, भराभरा घेऊ लागला. पोरं बिचकली. पंधरा मिनिटं कुणी चकार शब्द काढेना. शेवटच्या बाकावर बसलेल्या पाटलांनी दोनदा जांभई दिली. त्यांच्या शेजारी बसलेल्या रंगनाथला हायसं वाटलं आणि त्या वाटण्याची लाजही वाटली.

घामाघूम झालेल्या शामकांतनं पहिल्या बाकावरच्या लंका नावाच्या पोरीला उभं केलं आणि धड्यातली गोष्ट इंग्रजीतून सांगायला लावली. दोन वाक्यं झाली आणि लंका अडली. तिनं शामकांतकडं पाहिलंच नाही. ती सगळ्या वर्गावरून थेट रंगनाथकडं बघत राहिली. अडलं की तिकडं बघायचं, ही पाचवीपासूनची सवय. रंगनाथनं घाईनं मान खाली घातली, पण तोवर त्याचे ओठ हलून गेले होते. 'देन द फार्मर...'

लंकानं शब्द उचलला आणि गोष्ट शेवटपर्यंत सांगितली. मग काय, पोरांना धीर आला. भराभर हात वर झाले, उत्तरांवर उत्तरं येऊ लागली.

"बगा मास्तर," पाटील रंगनाथच्या कानाशी लागले, "शिकल्याला मानूस आला की पोरं कशी बोलाया लागत्यात." ऑफिसात जाऊन त्यांनी शामकांतच्या नेमणुकीवर सही केली.

सुट्टीत लंका धावत आली. "सर, ते नवं सर पास झालं का?"

"झाले."

"बरं झालं. लई घाबरलं हुतं बिचारं. म्हनून तर तुमी मला फुडचं सांगितलं ना?"

"हो," रंगनाथ म्हणाला. घंटा झाली. त्यानं लंकाला वर्गात जायला सांगितलं. आपण कुठं जायचं, हे काही केल्या त्याला सुचेना.